बारीक धमनी म्हणजे ब्लॉकेज नव्हे

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत एक मेसेज फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या चार धमन्या सगळ्यांत सारख्या असतात, सोनोग्राफीत एखादी बारीक दिसली तर ते ब्लॉकेज, आणि मान चोळून-मोडून घेतली की ते सुटते. मी सोनोग्राफी करतो. परवा वाळपईच्या एक मावशी हा मेसेज दाखवत रडल्या, म्हणून लिहायला बसलो.

'सारख्या असतात' हेच मुळात खोटे. मणक्यांच्या भोकांतून चढणाऱ्या दोन धमन्या बहुतेकांत लहानमोठ्याच असतात, बऱ्याचदा डावी मोठी. ही डावी एरवी हाताकडे जाणाऱ्या धमनीतून फुटते, पण साधारण ५ टक्के माणसांत थेट महाधमनीच्या कमानीतून निघते. गळ्याच्या पुढच्या बाजूची धमनी सहसा कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी दुभंगते. कुणाची जबड्याजवळ, कुणाची बरीच खाली. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शरीररचना शिकलेल्या कुणालाही विचारा, पुस्तकातले चित्र आणि टेबलावरची मान क्वचितच जुळते.

आता ब्लॉकेज. मावशींच्या रिपोर्टात मणक्यांतून चढणाऱ्या एका धमनीपुढे 'हायपोप्लास्टिक' एवढाच शब्द होता. त्याचा अर्थ जन्मापासून बारीक. अशी धमनी खालपासून वरपर्यंत एकसारखी बारीक असते, ३-४ मिलिमीटरऐवजी २ पेक्षाही कमी, आणि तिची भिंत गुळगुळीत. जोडीची धमनी मोठी असते. कवटीत दोघी मिळून एकच होतात, त्यामुळे सहसा काही अडत नाही. ब्लॉकेजमध्ये चरबीचा थर एका जागी साचतो, बहुधा धमनी दुभंगते तिथेच, आणि त्या अरुंद जागी रक्ताचा वेग वाढलेला डॉप्लरवर (वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत) दिसतो. हा फरक रिपोर्ट हाती देतानाच सांगायला हवा. आम्ही तो सांगत नाही, हे चूकच.

मान मोडण्याचे सांगणे तर घातक. झटक्याने धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. थोडी, पण आहेत. गळा दाबल्यास साचलेला थर सुटून मेंदूत जाऊ शकतो.

गळ्याच्या पुढच्या धमन्या खरोखर अरुंद झाल्या तर पक्षाघात होऊ शकतो, एवढे खरे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर लगेच १०८ फिरवा.

आणि मावशी, तो रिपोर्ट फाडू नका. पुढे कधी अँजिओग्राफी किंवा मानेचे ऑपरेशन करायची वेळ आली, तर तुमची एक धमनी जन्मापासून बारीक आहे हे डॉक्टरला आधी कळलेले बरे.