दाराच्या फटीतलं नाक

पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते. डोकं फिरलंय आणि आज मनातलं सगळं लिहूनच उठणार आहे.

सकाळपासून अंगात कणकण होती म्हणून रजा टाकली. नवरा ऑफिसला, लेक कॉलेजला. मी काढा पिऊन आडवी झाले. दहाच्या सुमारास वरून आवाज यायला लागला. आधी वाटलं कुणाचं तरी तान्हं रडतंय. मग कळलं, पिल्लू आहे. आधी कुईकुई, मग गळा ताणून एक लांब सूर, मग दोन मिनिटं काहीच नाही, की परत सुरू. आमचा कुत्रा गुंड्या उठला, दारापाशी जाऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'चौथ्या मजल्यावरचं कुत्रं आठवडाभर ओरडतंय, दुपारची झोप होत नाही, बंदोबस्त करा.' त्याखाली सात अंगठे.

आठवडाभर! मी रोज नऊला निघते ती सातला येते, मला पत्ताच नाही. पण हे सात जण तर घरीच असतात ना? अंगठा दाखवायला वेळ आहे, एक जिना चढायला नाही?

मी गेले वर. दाराला कुलूप. पायरीवर बसले आणि नुसतं "काय झालं रे बाळा" म्हटलं. आतला आवाज तटकन थांबला. फरशीवर इवलीशी नखं वाजली, टकटकटक, आणि दाराखालच्या फटीत एक नाक आलं. काळं, ओलं, रुपयाच्या नाण्याएवढं. सूं सूं करून ते माझा वास ओढून घेत होतं. मी बोट पुढे केलं तर चाटलं. मी बोट काढलं की रडायचं, ठेवलं की गप्प. सव्वा तास बसले मी तिथे, ताप अंगात घेऊन. शेवटी औषध घ्यायला उठले, तीन पायऱ्या उतरले असेन, आणि मागून तो सूर परत सुरू झाला.

तो सूर मला पाठ आहे. माझ्या घराच्या दारावर तो लिहून ठेवलाय.

जून २०१६. गुंड्या आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा. आमच्याच गल्लीत डीपीमागे पाच पिल्लं होती, एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपायची. आई गाडीखाली गेली. चौघांना घरं मिळाली, पाचवा आम्ही उचलला. आठवडाभर आळीपाळीने रजा घेतली आणि मग सोमवारी दोघंही कामावर गेलो, लेक शाळेत. वर्तमानपत्र अंथरलं, पाण्याची वाटी ठेवली, दूधभात ठेवला, पंखा लावला, माझी जुनी साडी घडी करून दिली. काय कमी आहे त्याला, असं म्हणत मी कुलूप लावलं. त्या दिवशी पाऊस, सिंहगड रोड तुंबलेला, मला यायला पावणेआठ झाले. साडेदहा तास.

दार उघडेना. ते दाराला आतून चिकटून पडलं होतं. भाताला तोंड लावलेलं नाही. वाटी उपडी, म्हणजे पाणी कधीपासून नाही देव जाणे. सगळीकडे शी-शू, त्यातच बरबटलेला तो. आणि दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंग खरवडून लाकूड दिसत होतं. पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून तुटलेली, रक्त वाळलेलं. मला बघून भुंकला नाही, शेपूट हलवली नाही. नुसता माझ्या पायावर डोकं टेकवून थरथरत राहिला.

मी त्याला मारलं नव्हतं. उपाशी ठेवलं नव्हतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. आणि तरी हे मीच केलं होतं.

तर आज जे कुणी म्हणतात ना, 'सवय होईल हळूहळू, रडून रडून गप्प बसतं', त्यांना माझं दार दाखवायचंय मला. ते गप्प बसतं ते थकून. सवय नाही होत, आशा सुटते. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे काय हो? कालपर्यंत आईच्या पोटाशी, भावंडांच्या उबेत झोपणारं बाळ. आयुष्यात एक मिनिट एकटं राहिलेलं नाही. आणि आपण त्याला एकदम दहा तासांचा एकांत देतो. त्याला काय माहीत तुम्ही सात वाजता येणार आहात! त्याच्या दृष्टीने तुम्ही गेलात, संपलं.

आणि शरीराचं काय? दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन, फार तर तीन तास शू धरता येते. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. कुत्रा मुळात आपली झोपायची जागा घाण करत नाही, फार स्वच्छ जात आहे ती. त्याला रोज स्वतःच्या घाणीत बसवलंत की तो हा धडा विसरतो, आणि मग सहा महिन्यांनी तुम्हीच बोंबलता की आमचा ट्रेन होत नाही. वायर चावतो, चप्पल फाडतो, सोफा फोडतो. अहो, दात येतायत त्याला, आणि समोर दुसरं कुणी नाही! ज्या वयात त्याने माणसं, आवाज, कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं हे सगळं कुणाच्या तरी मांडीवर बसून ओळखीचं करून घ्यायचं, ते तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचं वय तो बंद दाराकडे बघत घालवतो. मग मोठा झाला की भित्रा नाहीतर चावरा. मग 'आम्हाला जमत नाहीये, कुणी दत्तक घेईल का' अशी पोस्ट. लॉकडाऊन उठल्यावर अशा किती पोस्टी आपण सगळ्यांनी बघितल्या, आठवा.

हो, माहितीये. नोकरी सोडून कुणी पिल्लू सांभाळत बसणार नाही. सगळ्यांच्या घरी आजी-आजोबा नसतात. आणि पिल्लाला कधीतरी एकटं राहायला शिकवावंच लागतं, हेही खरं. पण शिकवावं लागतं! आज दोन मिनिटं, उद्या पाच, मग कचरा टाकून येईपर्यंत, मग भाजी आणेपर्यंत. आपण गेलो तरी परत येतो हे त्याला शंभर वेळा दिसायला हवं. कुलूप लावून निघून जाणं म्हणजे शिकवणं नव्हे.

संध्याकाळी मी जिन्यातच उभी राहिले पिल्लाच्या मालकांची वाट बघत. चांगलं खडसवायचं ठरवून. पावणेनऊला आले दोघं. पंचविशी-सत्ताविशीची पोरं, हिंजवडीहून दोन तास धक्के खात आलेली. मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "काकू, सॉरी, ग्रुपवर वाचलं आम्ही. पण आम्ही त्याला एकटं नाही सोडत, कॅमेरा लावलाय. ऑफिसमधून बघत असतो, त्यातून बोलतो पण त्याच्याशी."

मला घरात नेऊन त्याने मोबाईलवर दाखवलं. दुपारी पावणेतीनचं. कॅमेऱ्यातून त्याच्यासोबतच्या मुलीचा आवाज येतो, "शोनू, मम्मा इथेय, रडू नको." ते पिल्लू ताडकन उठतं. सोफ्याखाली बघतं. पडद्यामागे जातं. बेडरूमच्या बंद दारापाशी, मग मोठ्या दारापाशी. शेपूट गरागरा फिरतेय. आवाज बंद होतो. ते खोलीच्या मधोमध उभं राहतं, मान इकडून तिकडे करतं, आणि मग खाली बसून वर तोंड करून तो सूर लावतं.

मी त्या मुलीकडे बघितलं. तिने हे आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. मीटिंगमधून मिनिटभर बोलायची आणि फोन ठेवायची. ती मटकन खाली बसली आणि पिल्लाला पोटाशी धरून रडायला लागली. माझा राग कुठल्या कुठे गेला. २०१६ मधली मी बसले होते ना समोर. तशीच, ऑफिसच्या कपड्यात, फरशीवर.

राग गेला तो त्यांच्यावरचा. दुसऱ्यांवरचा वाढलाय. पोरांना ज्याने पिल्लू विकलं त्याने सांगितलं म्हणे, "बीगल फ्लॅटसाठी एक नंबर, काही करावं लागत नाही." अरे! शिकारी जात ती, माग काढत मैलोन्मैल पळण्यासाठी आणि दुरून ऐकू जाईल असं ओरडण्यासाठीच घडवलेली. ती वन बीएचकेत दहा तास गप्प बसेल? आणि विकलं तेव्हा ते ४५ दिवसांचं होतं. २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. आईकडून, भावंडांकडून 'जोरात चावायचं नाही' हे सुद्धा धड शिकून झालेलं नसतं. पैसे मोजून घेताना एका शब्दाने विचारलं नाही की दिवसा घरी कोण असतं. डे केअरला ठेवावं म्हटलं तर लसी पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, पार्वो हा विषाणूचा आजार झाला तर दोन-तीन दिवसांत पिल्लू हातातून जातं. म्हणजे ज्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हाच कुणी नाही.

आणि आमच्या ग्रुपवरचे ते अंगठे. आता तिथे चाललंय की सोसायटीत कुत्र्यांवर बंदीच घाला. घालता येत नाही हो. २०१५ सालीच प्राणी कल्याण मंडळाने परिपत्रक काढून स्पष्ट सांगितलंय. आणि घालायची कशाला? दुपारी पंधरा मिनिटं वर जाऊन बसलात तर तुमचीही झोप होईल आणि त्याचंही रडणं थांबेल. झोपमोड झाली हे मान्य. मलाही आज डोळा लागला नाही. पण सात घरांना ऐकू येतं आणि कुणाच्या पोटात तुटत नाही, हे मला पचत नाहीये.

२०१६ मध्ये आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. मी दहा दिवस बिनपगारी रजा घेतली. मग आमच्या वॉचमनची बायको रोज बाराला आणि साडेतीनला यायची. शू करवायची, भरवायची, अर्धा तास खेळवायची. महिना दीड हजार रुपये द्यायचो आणि ती त्याला गुंडोपंत म्हणायची. चार महिने ती होती म्हणून आज गुंड्या माणसात आहे. तरी मी पायात चप्पल घातली की नऊ वर्षांचा हा घोडा अजून शेपूट खाली घालतो. परवा घर रंगवायला काढलं तर रंगारी म्हणाला, ताई, दाराला लांबी (पुट्टी) भरून घेऊ का. मी नको म्हटलं. वरून सगळं रंगवलं, ती वीतभर जागा तशीच आहे. रोज कुलूप लावताना मला ती दिसायला हवी.

वर आमचं सगळं ठरलंय. पोरं आलटून पालटून आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागणार आहेत. त्यांनी एक किल्ली माझ्याकडे दिलीये. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका (अंगठा न दिलेल्यांपैकी, मुद्दाम सांगते) बाराला जायला तयार झालेत. उद्या मी घरीच आहे, ताप असला तरी दुपारी मी जाईन.

सोमवारपासून दुपारी साडेतीनसाठी कुणीतरी हवंय. धायरी, वडगाव, नऱ्हे भागातलं कुणी असेल तर मेसेज करा. कॉलेजची मुलं असली तरी चालेल, पैसे देणार आहोत. फक्त अर्धा तास, पण रोज त्याच वेळेला. आणि बिस्किटं आणू नका, त्याचं पोट बिघडलंय.