टायमरचा कायमचा सोमवार

कोकणात वीज विनाकारण जाते असं म्हणणारा माणूस नक्की बाहेरगावचा. इथे दर वेळी कारण असतं आणि ते अख्ख्या वाडीला माहीत असतं. माडाची झावळी तारांवर पडलेली असते. फणसाची फांदी वाऱ्याने लाईनला घासते. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवलेला असतो, त्यावर मृगाची पहिली बारीक सर येते, मीठ ओलं होतं आणि खांबावर चर्र करून ठिणग्या उडतात. वायरमनला फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, "डिओ उडालो, येतली तासाभरात." डिओ म्हणजे खांबावरचा फ्यूज, आणि या तासाला साठ मिनिटांचं बंधन नाही.

मग वीज येते. पंखा जिथे थांबला होता तिथून फिरायला लागतो, फ्रीज घुरघुरतो. फिशटँकच्या लाईटचा टायमर मात्र डोळे उघडतो आणि त्याच्या मते सोमवार असतो, रात्रीचे बारा वाजलेले असतात. खरी वेळ शुक्रवार, संध्याकाळचे ६.४०. दुपारी ४ ते रात्री १० असा कार्यक्रम लावलेला असेल आणि सुदैवाने तो तरी त्याच्या लक्षात राहिला असेल, तर दुसऱ्या दिवशी टाकी सकाळी १०.४० ला उजळते आणि दुपारी ४.४० ला अंधारते. पाहुणे पाचला येतात. त्यांना काळोखात पाण्याचा आवाज ऐकवून चहा द्यावा लागतो.

'मग हाताने बटण दाबावं, टायमर हवाच कशाला?' असा प्रश्न घरातले लोक विचारतात, आणि संध्याकाळी बटण दाबायला तेच विसरतात. रात्री बंद करायला तर सगळेच. झाडं असलेल्या टाकीला ६ ते ८ तास उजेड पुरतो. रोज १० तासांच्या वर गेला की झाडांऐवजी शेवाळ माजतं. आधी काचेवर हिरवी साय, मग अनुबियास या झाडाच्या पानांवर शेवाळाचे केस. मासे वेगळेच वैतागतात. पहाटे तीनला डोक्यावर अचानक ट्यूब पेटली की टेट्रा काचेवर आपटतात आणि झाकण नसेल तर एखादा सकाळी फरशीवर मिळतो. घरातली आजी तेवढ्यात पाणी प्यायला उठलेली असते. "मासे अजून निजाक नाय?" या प्रश्नाला सभ्य उत्तर नाही.

माझं म्हणणं एवढंच, की टायमर घेताना तो काय काय करतो हे विचारू नये, वीज आल्यावर तो काय करतो ते विचारावं. प्रत्येक जातीची विसरण्याची रीत वेगळी आहे.

सगळ्यात भोळा म्हणजे चकतीचा मेकॅनिकल टायमर. कडेने ९६ खिट्या, एकेक पंधरा मिनिटांची. सहा तासांसाठी २४ खिट्या दाबायच्या. आत छोटी सिंक्रोनस मोटर असते, ती ५० हर्ट्झच्या तालावर चकती फिरवते. वीज गेली की मोटर थांबते, आली की चालू. एसटीत डुलकी लागलेल्या माणसासारखा तो उठतो आणि अजून तोच स्टॉप आहे असं समजतो. हा काही विसरत नाही, फक्त मागे पडतो. आठवड्यात मिळून नऊ तास वीज गेली, तर ४ ते १० ची पाळी रात्री १ ते सकाळी ७ ची होते आणि मासे नाईट शिफ्टला लागतात. इलाज सोपा: चकती बाणाच्या दिशेनेच फिरवत आत्ताची वेळ खुणेसमोर आणायची. उलटी फिरवली तर आतले दाते जातात. वीस मिनिटं मागे न्यायची असतील तरी २३ तास ४० मिनिटं पुढे फिरवायची, कंटाळा करायचा नाही. आणि बाजूची छोटी कळ बघायची. टाकी पुसताना फडक्याने ती 'कायम चालू'वर सरकते, मग चकती गरागरा फिरत असते आणि दिवा तिला विचारत नाही.

डिजिटल टायमर दिसायला हुशार. त्याच्या पोटात १.२ व्होल्टचा बटणाएवढा निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो. वीज असताना तो चार्ज होतो, गेल्यावर घड्याळ सांभाळतो. नवा असताना काही दिवस सहज सांभाळतो. दोनतीन पावसाळे गेले की एक तासही नाही. दुकानात दोन वर्षं खोक्यात पडून राहिलेला टायमर तर खोक्यातच वारलेला असतो, म्हणून नवा आणल्यावर आधी रात्रभर, बारा-चौदा तास, सॉकेटमध्ये ठेवावा, मगच वेळ लावावी. चार्ज करून बाहेर काढल्यावर तासाभरात पडदा कोरा पडला तर सेल गेला, दुसरं निदान नाही. लोक मात्र टाचणीने रीसेटचं भोक दाबत बसतात. त्या भोकाने आजवर कुणाचा सेल जिवंत केलेला नाही.

सेल बदलता येतो. आधी टायमर सॉकेटमधून उपटायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही: या स्वस्त टायमरांत ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळं सर्किट थेट मेनला जोडलेलं असतं आणि सेलला हात लावला तरी झटका मेनचाच बसतो. मागचे दोन-चार स्क्रू बहुधा तिकोनी डोक्याचे असतात, म्हणजे आपण उघडू नये अशी कंपनीची इच्छा. आत सेलच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. नवा सेलही पट्ट्यांसकटच घ्यायचा आणि डाग पट्टीला द्यायचा. थेट सेलच्या अंगावर सोल्डरिंग गन टेकवली की तो तिथेच उकडतो. व्होल्टेज तेवढंच, १.२. हौसेने तीन व्होल्टचा सीआर २०३२ बसवणारे भेटतात. तो चार्ज होणाऱ्या जातीचा नाही, त्याला चार्जिंग मिळालं की तो फुगतो किंवा गळतो. जुना सेल गळून बोर्डावर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर, मग स्पिरिट, मग एक दिवस वाळवण. व्हिनेगर नाही म्हणून कोकमाचं आगळ लावू नये. आंबट आहे हे खरं, पण त्यात मीठ असतं आणि मिठापायीच आपली निम्मी उपकरणं गेलेली आहेत.

कधी सेल ठणठणीत असतो, पडद्यावर 'ऑन' लिहिलेलं असतं, तरी दिवा लागत नाही आणि रिलेची, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचची, टिक ऐकू येत नाही. इथे चोर वेगळा. मेनकडून येणारा प्रवाह ज्या चौकोनी कपॅसिटरमधून येतो, तो विजांच्या कडकडाटात आणि वीज परत येतानाच्या झटक्यांत थोडाथोडा जळत जातो. दर झटक्याला आतल्या पातळ थराचा एक ठिपका उडतो आणि क्षमता घटते. उरलेल्या प्रवाहात पडदा चालतो, रिले ओढली जात नाही. अंगावर जेवढे मायक्रोफॅरड छापलेत तेवढेच, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ जातीचा (थेट मेनवर लावायचा) नवा कपॅसिटर लावला की टायमर पुन्हा टिकटिकतो. भाग किरकोळ किमतीचा. रेडिओ दुरुस्तीवाला अजून दुकान उघडत असेल तर पंधरा मिनिटांचं काम.

वेळ लावताना तीन खोड्या लक्षात ठेवाव्या. सकाळ-संध्याकाळ उलटी पडणं ही पहिली. चोवीस तासांचं घड्याळ निवडलं की ती जाते. दुसरी, 'क्लॉक'च्या बटणाबरोबर चुकून दुसरं बटण दाबलं की लागणारी 'समर टाइम'. घड्याळ एक तास पुढे जातं. ही युरोपची सोय. आपल्याकडे उन्हाळ्यात आंबा पुढेमागे होतो, घड्याळ होत नाही. तिसरी सगळ्यात वाह्यात: 'रँडम'. घरात माणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून हा टायमर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा मनाला येईल तेव्हा दिवा लावतो-विझवतो. चोराचं माहीत नाही, पण एंजल मासे पार गोंधळतात. आणि सगळं बरोबर लावूनही दिवा लागत नसेल तर 'ऑटो'वर, म्हणजे लावलेल्या वेळांप्रमाणे चालण्यावर, कसे आलात ते आठवा. बरेच टायमर ऑटोवर टाकल्यावर आधीचीच स्थिती धरून ठेवतात आणि पुढच्या लिहिलेल्या वेळेची वाट बघतात. पाच वाजता वेळ लावत असाल तर आधी 'ऑन', मग 'ऑटो'. थेट ऑटोवर गेलात तर उजेड उद्या चारला.

'इन्व्हर्टरवर टाका' हा सल्ला शेजारी फुकट देतात आणि तो निम्मा बरोबर आहे. साइनवेव्ह इन्व्हर्टर असेल तर टायमर आणि २०-३० वॅटचा एलईडी दिवा खुशाल त्याच्या पॉइंटवर घ्या, रोग मुळातूनच जातो. साधा स्क्वेअरवेव्ह असेल तर चकतीवाली मोटर गुणगुणते आणि तापते, आणि डिजिटलच्या त्याच कपॅसिटरमधून प्रवाहाचे धक्के जाऊन त्याच्यापुढचा रेझिस्टर करपतो. वास आला की समजावं.

ऑनलाइन मागवलेल्या टायमरला बऱ्याचदा युरोपच्या पिना असतात, ४ ते ४.८ मिलीमीटर. आपलं सॉकेट पाच मिलीमीटरच्या पिनांसाठी. टायमर सैल लोंबतो आणि कुणी जिना जोरात उतरलं तरी त्याच्यापुरती वीज जाते. गावात वीज, शेजारी वीज, टायमरचा सोमवार. जाड पिनांचा घ्या, आणि समुद्राजवळ वर्षातून एकदा पिना बारीक सँडपेपरने घासा. हिरवा थर दिसेलच.

स्मार्ट प्लगबद्दल मला आदर आहे, विश्वास नाही. त्याला वेळ इंटरनेटवरून कळते. वीज गेली की राऊटर गेला. राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तरी केबलवाल्याचा खांबावरचा डबा बंद, आणि थोड्या वेळाने मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते. वीज परत येऊन नेट येईपर्यंत प्लगला वेळच माहीत नसते. ॲपमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' नावाची सेटिंग असते, ती दिव्यासाठी 'ऑफ' ठेवावी, नाहीतर पहाटे वीज आली की पहाटेच रोषणाई. फिल्टरसाठी मात्र कायम 'ऑन'. या दोघांची अदलाबदल करणाऱ्याला मासे परत लिहून कळवत नाहीत.

हौशी मंडळी मायक्रोकंट्रोलरला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपला) डीएस ३२३१ नावाची घड्याळाची चिप जोडतात. हे उत्तम, वर्षाला साधारण एक मिनिट चुकतं आणि नाण्याएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालतं. फक्त बाजारातल्या स्वस्त निळ्या मोड्यूलवर चार्जिंगचा फाटा असतो, तो चार्ज होणाऱ्या एलआयआर २०३२ साठी. सीआर २०३२ घालायचा तर त्या फाट्यावरचा २०० ओहमचा रेझिस्टर आधी उचकटून टाका.

माझी पसंती मात्र फिशटँकच्या दुकानात मिळतच नाही. ती मिळते पाणबुडी पंप आणि पॅनल विकणाऱ्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आणि दुकानांच्या पाट्यांसाठी जो ३५ मिलीमीटरच्या पट्टीवर बसणारा टाइम स्विच असतो, तो. खोक्यावर 'पॉवर रिझर्व्ह', म्हणजे वीज नसताना घड्याळ किती काळ चालेल, ते वाचा. तास लिहिले असतील तर ठेवून द्या. लिथियम सेलचे आणि वर्षांत लिहिलेले असतील तो घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तासांत मोजलेल्या रिझर्व्हचं तिथे काही चालत नाही. जोडणीत एकच मेख आहे. त्याच्या संपर्काच्या टर्मिनलला आपोआप वीज येत नाही. फेजचा एक तुकडा 'कॉमन' लिहिलेल्या टर्मिनलवर आणावा लागतो. तारा जोडण्याचं काम वायरमनकडून, ३० मिलीॲम्पियरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच). आणि १६ अँपियर लिहिलंय म्हणून एका टायमरवर आठ एलईडी दिवे लादू नका. पेटताना ते क्षणभर भलताच प्रवाह ओढतात, रिलेची टोकं चिकटतात, मग पडदा म्हणतो बंद आणि टाकी म्हणते चालू.

झाडांसाठी टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांनी गॅसचा व्हॉल्व्ह आणि दिवा कधीही दोन वेगळ्या टायमरांवर ठेवू नये. एक मागे पडतो, दुसरा सोमवारात जातो, आणि रात्री काळोखात गॅस सुटतो. झाडं तेव्हा तो घेत नाहीत, उलट सोडतात. सकाळी सगळे मासे वर येऊन तोंड उघडून उभे. दोन्ही एकाच टायमरवर, एका एक्स्टेंशनवर. गॅस तासभर आधी सुरू करायची हौस असेल तर दोन वाहिन्यांचा, म्हणजे दोन जोडण्यांना वेगळ्या वेळा लावता येणारा, एकच टायमर घ्या, म्हणजे निदान घड्याळ तरी एक असेल.

टायमर टाकीच्या खाली आणि पाण्याच्या रेषेत नको, हे सांगायला लागू नये, पण लागतं. दिव्याच्या वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळेल.

चार दिवस गावाला जायचं असेल तर मात्र मी म्हणेन, टायमरच काढून ठेवा आणि दिवा बंदच राहू द्या. शेजारच्या काकूंना रीसेटचं भोक दाखवून जाणं हा त्यांच्यावर आणि माशांवर अन्याय आहे. चार दिवसांच्या अंधाराने माशांचं काही बिघडत नाही, अनुबियास आणि जावा मॉस कुरकुर करत नाहीत. उलट शेवाळ फार माजलं की टाकीला तीन-चार दिवस चादर गुंडाळून पूर्ण काळोख करतात, तो त्यावरचा मान्य उपचार आहे. कोकणात जूनमध्ये दिव्यापुरता तो घरबसल्या आणि फुकट मिळतो. हवेचा पंप चालू ठेवायला बॅटरीवाला एक जवळ असला म्हणजे झालं.