खुलासा : पाणी उकळल्याने त्याचा रेणू तुटत नाही

इंदूरमधील आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, पाणी उकळले की त्याचा रेणू तुटून ऑक्सिजन निघून जातो आणि उरलेले पाणी ‘निर्जीव’ होते. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्याने खुलासा करणे आवश्यक वाटते.

उकळताना सुटतात ती एका रेणूला शेजारच्या रेणूशी धरून ठेवणारी आकर्षणे, ज्यांत हायड्रोजन बंध प्रमुख आहेत; रेणूच्या आतले बंध शाबूत राहतात. सुमारे १८ ग्रॅम, म्हणजे एक मोल, पाण्याची वाफ करण्यास साधारण ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर त्याच पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास ९०० किलोज्यूलहून अधिक. उष्णतेने असे विघटन लक्षणीय प्रमाणात व्हायला २००० अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान हवे; समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या इंदुरात तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणावर जमणारे थेंब पाण्याचेच असतात, हे कोणालाही घरी पाहता येईल.

संदेशात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारू नये. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उकळल्यावर बाहेर पडतो. परंतु तो पाण्याच्या रेणूचा भाग नसतो, लिटरमागे जेमतेम आठ-नऊ मिलिग्रॅम असतो, आणि आपल्याला लागणारा ऑक्सिजन आपण श्वासातून घेतो.

पावसाळ्यात अशा संदेशामुळे कोणी पाणी उकळणे सोडू नये, म्हणून तो कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.