धागा नैसर्गिक आहे की नाही, हा पहिला प्रश्न नाही

नव्याने विणकाम शिकणाऱ्यांना एक मजकूर हमखास पाठवला जातो. थोडक्यात असा: धागा नेहमी शंभर टक्के नैसर्गिक घ्या, सुती कशालाही चालतो, मेंढीची लोकर टोचते, बाळाला तर नकोच, ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक, हात लावू नका, बांबूचा धागा सगळ्यांत शुद्ध, आणि हाताला जितका मऊ तितका उत्तम. वाचताना सगळं पटतं. पण त्यावर विसंबून धागा घेतला, तर कितीतरी संध्याकाळची मेहनत पहिल्या धुण्यातच वाया जाऊ शकते. धागा निवडायचा तो वस्तू काय काम करणार आणि ती धुणार कोण, हे बघून.

सुती कशालाही चालतो? नाही. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळण असतं. ताणला की तो परत जागेवर येतो. कापसात ही लवचीकता जवळजवळ नसते. एक सुलट-एक उलट घालून विणलेली मनगटाची पट्टी लोकरीत घट्ट बसते. तीच सुती धाग्यात विणा आणि बाह्या चार वेळा कोपरापर्यंत सारा. तोंड पसरतं आणि पसरलेलंच राहतं. शिवाय सुती धागा वजनदार. लांब बाह्यांचा जाड स्वेटर स्वतःच्या भारानेच खाली ओढला जातो, आणि ओला असताना दोरीवर टांगला तर आणखी लोंबतो. पण कापूस ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट अधिक मजबूत होतो. म्हणून हात पुसायचे रुमाल, गरम भांडी धरायचे चौकोन, उन्हाळी टोप्या यांना तोच हवा.

लोकर टोचते? कुठली लोकर, ते आधी विचारा. तंतू जाड असला की त्याचं टोक कातडीवर वाकत नाही, रुततं. साधारण ३० मायक्रॉनपुढचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतू असे टोचतात. मेरिनो, म्हणजे त्या नावाच्या मेंढीची मऊ लोकर, बहुतेक २४ मायक्रॉनच्या आतली असते, बारीक मेरिनो १८-१९ची. ती बहुतेकांना सहन होते. कुणाला तरीही त्रास झाला तर अर्थातच नको. आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल शोषूनही ओली लागत नाही. थंडीत बाळाच्या अंगावर हा गुण मोलाचा आहे.

बाळाच्या कपड्याची खरी अडचण धुण्याची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड होतो. मशीनमध्ये धुता येणाऱ्या, म्हणजे सुपरवॉश, लोकरीत प्रक्रिया करून हे खवले निष्प्रभ केलेले असतात. ती आटत नाही, मात्र भिजल्यावर चांगलीच सैल पडू शकते. म्हणून नमुन्याचा तुकडा विणा, कपडा जसा धुतला जाणार तसाच धुवा आणि वाळल्यावर टाके मोजा.

ॲक्रिलिकला हात लावू नका? ते प्लास्टिक आहे, हे खरंच. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, ते घाम शोषत नाही, आणि आचेजवळ वितळतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना ते वापरूच नये. पण त्याला कसर लागत नाही, ते स्वस्त असतं आणि वारंवार धुणं सोसतं. ज्या घरात कुणी स्वेटर हाताने धुणार नाही, तिथे भेट द्यायच्या चादरीला ॲक्रिलिक घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त इस्त्री जपून. गरम इस्त्री टेकली की उठावदार वीण कायमची चपटी होते.

नैसर्गिकच्या हट्टात मोज्यांचाही बळी जातो. निव्वळ मऊ मेरिनोचा मोजा टाचेला लवकर विरतो. म्हणूनच मोज्यांच्या धाग्यात सहसा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असतं.

बांबू सगळ्यांत शुद्ध? बाजारात मिळणारा बांबूचा धागा बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे रसायनांनी घडवलेला धागा असतो. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात, मग बारीक छिद्रांतून आम्लात सोडून त्याचे तंतू करतात. कार्बन डायसल्फाइड कामगारांसाठी विषारी आहे. असा माल नुसता ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ साली कारवाई केली. शालीला त्याचा झोक सुंदर येतो, घ्या जरूर. पण ओला असताना तो कमजोर होतो, पिळू नका.

मऊ तितका उत्तम? गुंडा दाबून मऊपणा कळतो, टिकाऊपणा नाही. सैल पीळ आणि आखूड तंतू यांमुळेही धागा मऊ लागतो, आणि तेच तंतू घर्षणाने बाहेर येऊन काखेत, कोपरावर गोळे होतात. विणलेला तुकडा स्वतःवरच जोरात घासून बघा. गोळे तिथेच दिसू लागले, तर तो धागा स्वेटरऐवजी गळ्यातल्या स्कार्फला ठेवा.