बांध वाचवायचा असेल तर बाहेरची तिवरं वाचवा

मोठं उधाण आलं, खाडीकाठच्या खारेपाटात कुठेतरी बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, आणि खारं पाणी भातशेतीत शिरलं, की लगेच मागणी सुरू होते: दगडी बांध घाला. मागणी करणारी माणसं माझीच आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. खारं पाणी मुरलेली जमीन पुढची काही वर्षं धड पिकत नाही, घरचा तांदूळ जातो. तरीही मी म्हणेन, दगडाच्या आधी बांधाबाहेरच्या तिवरांकडे, म्हणजे कांदळवनाकडे बघा.

रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या खाडीकाठी भरतीच्या वेळी बांधावरून चालत जा. समोर तिवरांचा दाट पट्टा असेल तिथे पाणी चढतं, पण बांधाला धडका देत नाही. ओहोटीला पायथ्याशी चिखल साचलेला दिसतो, त्यातून श्वासमुळं वर आलेली असतात, मधून निवट्या मासे उड्या मारत असतात. पट्टा तुटलाय तिथे बांधाची माती खालून कातरलेली आणि वरचं गवत अधांतरी लोंबतंय. खांड बहुतेक वेळा अशाच जागी जाते.

यात चमत्कार काही नाही. खोडं आणि मुळं लाटेचा जोर मोडतात, संथ झालेल्या पाण्यातला गाळ खाली बसतो आणि काठ हळूहळू उंचावतो. वेगवेगळ्या देशांतल्या मोजणीत 100 मीटर रुंदीच्या कांदळवनाने लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलंय. वादळात समुद्राची पातळीच चढते, तेव्हा मात्र एवढी रुंदी पुरत नाही. तिथे एका किलोमीटरमागे 5 ते 50 सेंटिमीटर पाणी उतरतं. म्हणून रुंद, सलग पट्टा हवा. एका खाडीतली तिवरं तोडून दुसऱ्या जिल्ह्यात रोपं लावली, तर कागदावर हिशेब जुळेल, पण आमच्या बांधासमोर काहीच उरणार नाही. 1999 च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये जिथे कांदळवन रुंद होतं, तिथे माणसं कमी दगावली होती.

आता शेतकऱ्याची बाजू. ती बोलल्याशिवाय हा विषय अर्धवटच राहतो. खांड वेळेत बुजवली नाही की रोजच्या भरतीबरोबर बिया आत येतात आणि चार-पाच वर्षांत सातबाऱ्यावरच्या भातशेतात तिवरं उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीवर बंदी घातली, 2018 च्या निकालात ती पक्की केली. जमीन खाजगी असली तरी तोड करता येत नाही. निकाल योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण ज्याचं शेत गेलं त्याच्या हातात काय आलं? त्याला तिवर म्हणजे शत्रू वाटणारच, आणि मग बाहेरच्या पट्ट्यावर रात्री कुऱ्हाड पडली तर गावात कोणी तोंड उघडत नाही.

ही भांडणं लावून देऊन सरकारने बाजूला राहू नये. खारभूमी खातं बांध बघतं, वनखातं झाडं बघतं, आणि मधला शेतकरी दोन्हीकडे अर्ज घेऊन फिरतो. पूर्वी घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन बांधावर जायचा, आता गावात तेवढे हात नाहीत, त्यामुळे हे काम सरकारलाच करावं लागेल. खांड गेली की पुढच्याच भांगाला, पाणी कमी चढतं तेव्हा, ती बुजवली पाहिजे. निविदेची वाट बघत दोन-तीन उधाणं गेली की तोंड इतकं रुंदावतं की मातीने भागत नाही. बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्यांची दारं पावसाळ्याआधी तपासा. बांधाबाहेरचा पट्टा जिथे विरळ झालाय तिथेच लागवड करा. आणि ज्यांची शेतं आधीच कांदळवनाखाली गेली आहेत, त्यांना गुंठ्यामागे दरवर्षी मोबदला द्या. त्या जमिनीवरची झाडं आज मागच्या अख्ख्या गावाला राखतायत, तेव्हा त्याचा खर्च एकट्या सातबारावाल्याने का सोसायचा?