दोन्ही टोकं बांधलेली साखळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया रात्री अकराला वाचली आणि मग झोप कुठली लागतेय! बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात देतो. चिकटपट्टीच्या गोंदात वापरतात त्या स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीन ब्लॉक कोपॉलिमरबद्दल (मधे रबरी आयसोप्रीन आणि दोन्ही टोकांना कडक पॉलिस्टायरीन असे तीन खंड जोडलेली लांब रेणुसाखळी) मी लिहिलं होतं की, डायइलेक्ट्रिक आलेखात, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो त्याच्या आलेखात, कमी फ्रिक्वेन्सीला दिसणारा उंचवटा म्हणजे मधली आख्खी आयसोप्रीनची साखळी वळते त्याची खूण. त्यावर तुम्ही विचारलंत, "दोन्ही टोकं पॉलिस्टायरीनच्या काचेत गाडलेली असताना आख्खी साखळी वळेल कशी? ती नुसती आयनांची वाहकता आहे. मराठीत लिहायचं म्हणून विज्ञान पातळ करू नका."

पहिला प्रश्न बरोबर आहे, चूक माझी. आलेख होता एकच टोक बांधलेल्या द्विखंडी (एक स्टायरीन, एक आयसोप्रीन) नमुन्याचा, आणि मजकूर लिहिला त्रिखंडीचा. दोन्ही फायली शेजारी होत्या. तेव्हा विज्ञान पातळ झालं ते माझ्या आळसानं, मराठीला उगं बोल लावू नका.

पण चूक कबूल करून विषय संपत नाही, कारण खरी गंमत तुमच्याच प्रश्नात आहे. सिस-पॉलिआयसोप्रीनच्या प्रत्येक कडीत साखळीच्या दिशेनं एक छोटा द्विध्रुव (एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण) असतो आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात. त्यांची बेरीज केली की उरतं फक्त एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सरळ अंतर आणि दिशा. लातूरहून नांदेडला अहमदपूरवरून जा नाहीतर परभणीवरून वळसा घाला. निघालो लातूरहून, पोचलो नांदेडला, बेरीज तीच. म्हणजे टोकं काचेत पक्की असतील तर मधल्या साखळीनं कितीही वळवळ केली तरी उपकरणाला तिचा पत्ता लागत नाही. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत काचेसारखं कडक राहतं, त्यामुळं खोलीच्या तापमानाला टोकं हलायचा प्रश्नच नाही.

यावर जपानच्या हिरोशी वातानाबे यांनी 1995 मध्ये जी युक्ती छापली, ती मला आजही भारी वाटते. साखळी अशी बनवायची की मध्यावर द्विध्रुवांची तोंडं उलटी होतात. म्हणजे अर्ध्या वाटेनंतरचा प्रवास वजा धरायचा. आता लातूर आणि नांदेड पक्कं असलं तरी मधला मुक्काम अहमदपूरला होता की परभणीला, याचा बेरजेवर थेट परिणाम होतो. साखळीच्या मध्यबिंदूची हालचाल दिसू लागते. साखळीची दोन्ही टोकं स्टायरीनची टोकं एकत्र येऊन बनलेल्या एकाच गोळ्यात परतलीत की दोन गोळ्यांमध्ये पूल झालाय, हा जुना वाद त्यांनी याच वाटेनं हाताळला.

वाहकतेचं म्हणणं मात्र मला पटत नाही. तुम्ही नांदेडला टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीवर (विजेचा स्पंद पाठवून त्याच्या परावर्तनावरून पदार्थाचा प्रतिसाद मोजायची पद्धत) द्रवांचं काम केलंय. तिथं पाण्याचा रेणू 25 अंशाला आठेक पिकोसेकंदांत वळून मोकळा होतो, आणि आलेखात डावीकडं, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला, चढण दिसली की वाहकता म्हणून वजा करायची सवय हाताला लागते. द्रवांसाठी ती सवय बरोबरच आहे. पण निव्वळ वाहकतेत क्षय (पदार्थात खर्ची पडणारी विद्युतऊर्जा) फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात चढतच जातो, त्याला शिखर नसतं, आणि परमिटिव्हिटीत (विद्युतऊर्जा साठवायच्या क्षमतेत) पायरीही येत नाही. माझ्या द्विखंडी नमुन्यात दोन्ही आहेत. इलेक्ट्रोडवर आयन साचलेत का, हे बघायला चकतीची जाडी दुप्पट केली, तरी शिखर जागचं हललं नाही. आयसोप्रीन लांब घेतलं तेव्हा मात्र ते खाली सरकलं; तुकड्यातुकड्यांच्या हालचालीचं शिखर होतं तिथंच राहिलं. आयनांना साखळीच्या लांबीचं काय पडलंय!

संशय घ्यायचाच तर तिसरा घ्या, जो तुम्ही घेतला नाहीत: दोन प्रावस्थांच्या (कडक स्टायरीनचा भाग आणि रबरी आयसोप्रीनचा भाग) सीमेवर साचणारा प्रभार. 100 अंशाकडं जाताना पॉलिस्टायरीन मऊ पडतं, आयन सुटतात आणि सीमेवर गर्दी करतात. त्या पट्ट्यातल्या माझ्या मोजमापांवर माझाच पूर्ण विश्वास नाही, म्हणून ती लेखात घेतलीच नव्हती.

लेखातला मजकूर दुरुस्त केलाय, आलेखही नवा टाकलाय. 0.01 हर्ट्झला एक आवर्तन व्हायलाच 100 सेकंद लागतात, आणि सरासरीसाठी तशी बरीच आवर्तनं घ्यावी लागतात. डावीकडचे चार बिंदू गायब दिसतील. त्या दुपारी लाइट गेली होती.