सायकलींना गाडी लागते

आमच्या खान्देशात वयात आलेला माणूस सायकलवर दिसला की लोकांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर याची गाडी बिघडली असावी, नाहीतर याला डॉक्टरांनी सांगितलं असावं. पण सायकल चारचाकीच्या पाठीला टांगायची, डोंगरापर्यंत न्यायची, तिथे उतरवून चालवायची आणि पुन्हा टांगून घरी आणायची, असा बेत कुणी सांगितला तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायचं हे अजून ठरलेलं नाही. सध्या ते माझ्यावरच ठरवत आहेत.

बेत तसा साधा होता. रावेर तालुक्यात सातपुड्यात पाल नावाचं गाव आहे. जळगावात पारा ४५ ला टेकतो तेव्हाही तिथे झाडाखाली बसलेला माणूस माणसात असतो. पाऊस संपला की तिथले रस्ते सायकलवाल्यासाठीच वळणं घेतात. मग जळगावहून थेट सायकलनेच का जात नाही, असं विचारणाऱ्याने भुसावळ-सावदा-रावेर रस्त्यावर एकदा केळीच्या ट्रकपुढे सायकल चालवून पाहावी. ट्रकवाल्याला माल पिकायच्या आत उत्तरेतल्या मंडईत पोचवायचा असतो. वाटेतला सायकलवाला पिकला काय आणि पिचला काय, त्याचं भाडं तेवढंच.

तेव्हा सायकली गाडीने न्यायच्या. गाडी छोटी, हॅचबॅक. सायकली दोन: पोराची गिअरवाली आणि बायकोची पुढे टोपली असलेली. बायकोच्या सायकलवर मी बसणार होतो, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

सायकल गाडीवर लावायला रॅक मिळतात, तीन प्रकारचे. पहिला प्रकार टपावरचा. टपावर दोन आडव्या पट्ट्या, त्यावर सायकल उभी. दिसायला फार रुबाबदार. पण पंधरा-सोळा किलोची सायकल डोक्याच्या वर उचलून, चवड्यांवर उभं राहून, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पट्टा आवळणं ही कसरत भर उन्हात करून पाहा. तापलेला पत्रा पोटाला लागतो तेव्हा माणसाला सायकलिंगशिवाय दुसरे छंद आठवतात. शिवाय आमच्याकडे रेल्वे काय कमी नाही. रुळांखालच्या प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी उंची मोजणारी लोखंडी कमान असते. टपावर सायकल आहे हे विसरून तिच्याखालून जायला एकच क्षण पुरतो, आणि माझ्यात असे क्षण भरपूर असतात, असं बायकोचं मत.

दुसरा पट्ट्यांचा. डिकीच्या कडांना आकडे अडकवायचे, पट्टे ताणायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. स्वस्त, हलका, घडी घालून कपाटात जाणारा. मात्र आकडे ज्या पत्र्याला धरतात तो हल्ली इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर आत जातो, आणि डिकीच्या वर जे शोभेचं प्लास्टिक असतं ते शोभेचंच असतं. पॅडल डिकीला घासून रंग जातो तो वेगळाच. सायकली लावल्यावर डिकी उघडत नाही; म्हणजे पाण्याची बाटली आत आणि तहान बाहेर.

राहिला तिसरा, आणि सगळे जाणकार ज्याची शिफारस करतात तो: गाडीच्या मागे खालून, सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या हिचमध्ये, म्हणजे गाडीमागे काही जोडायच्या लोखंडी जोडणीत, खोचायचा रॅक. या रॅकसाठी जे कोष्टक असतं त्यातला पहिलाच प्रश्न असतो, तुमच्या गाडीच्या हिचचं चौकोनी भोक सव्वा इंचाचं आहे की दोन इंचाचं? अमेरिकेत लहान गाड्यांना सव्वा इंची आणि दणकट गाड्यांना दोन इंची भोक असतं म्हणे. युरोपात भोकाऐवजी ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा. मी बाहेर जाऊन गाडीच्या मागे वाकलो. भोक एकच होतं, आणि त्यातून धूर येतो.

तरीही अभ्यास थांबवला नाही. हिचच्या रॅकमध्येही दोन जाती. एक टांगायची: दोन हात मागे आलेले, त्यांच्यावर सायकलची दांडी ठेवायची. दुसरी ताटाची: चाकं पन्हळीत ठेवायची आणि वरून एक आकडा चाकाला किंवा फ्रेमला दाबून धरतो. टांगायची हलकी आणि स्वस्त, पण सायकली झुलतात, एकमेकींना पॅडलने ढोसतात. ताटाची घट्ट धरते, पण स्वतःच अठरा-वीस किलोची असते आणि तिच्या किमतीत आणखी एक सायकल येते. अर्थात ती न्यायला आणखी मोठा रॅक लागेल.

टांगायच्या रॅकला दांडी लागते. बायकोच्या सायकलला ती नाही. यावर उपाय आहे: सीटपासून हँडलपर्यंत तात्पुरती लावायची एक नकली दांडी वेगळी विकत मिळते. हे मी घरात उत्साहाने सांगितलं तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, पेपर खाली ठेवून म्हणाले, "तिले दांडी नई, म्हनीसन दांडी इकत लेवानी?"

नाना मूळचे अमळनेरकडचे. आयुष्यभर काळी बावीस इंची सायकल चालवली, ती अजून अंगणात आहे आणि त्यांच्यापेक्षा ताठ उभी आहे. त्यांच्या तरुणपणी गावाला जायचं तर सायकल एसटीच्या टपावर टाकायची, कंडक्टर तिचं लगेज फाडायचा, काम झालं. हिच नाही, पट्टा नाही. ड्रायव्हर ओळखीचा असला की दोरीसुद्धा नाही. तेव्हा मी मोबाईलवर रॅकची चित्रं दाखवायला लागलो की ते मान हलवतात, आणि ती होकारार्थी आहे की नकारार्थी हे मला आजवर कळलेलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट केली: "मनी सायकल बी लई जानी." वय शहात्तर. चढाला हातात धरून चालणार, उताराला बसणार. म्हणजे सायकली तीन झाल्या, आणि नानांची बावीस किलोंची.

शेजारी वकीलसाहेब राहतात. त्यांना मी सहज विचारलं. वकिलांना सहज काही विचारू नये. ते म्हणाले, "मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिली त्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंपरच्या पुढच्या लोखंडी गार्डांवर याच कलमावर बोट ठेवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं."

"पण हे मागे आहे," मी म्हणालो.

"मग मागची नंबरप्लेट?" त्यांचा चेहरा खुलला. "सायकलींच्या चाकांआड नंबर दिसणार कसा? आणि ब्रेकचा लाल दिवा?"

बाहेरच्या देशांत यावरही तोड काढलेली आहे. रॅकच्या मागे दिव्यांची एक पाटी जोडतात, तिच्यावर नंबर पुन्हा लावतात. पण १ एप्रिल २०१९ नंतरच्या आपल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट असते. ती न निघणाऱ्या कुलपाने ठोकलेली; काढायची म्हटली तर मोडते, आणि हौस म्हणून आणखी एक करून मिळत नाही. विम्याचा मुद्दा त्यांनी शेवटी काढला. मागून कुणी ठोकलं तर विमा कंपनीचा माणूस आधी सायकल बघेल, मग हिच, मग माझ्याकडे. हे सांगताना त्यांनी मला तसंच बघून दाखवलं.

तरी मी गाडी एमआयडीसीत वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे मागे काय जोडावं आणि काय जोडू नये हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी गोणपाट अंथरलं, गाडीच्या मागे आडवे झाले आणि आत हात घातला. आधी बंपरवर बोटाच्या पेरांनी ठक् ठक् केलं. "हे प्लास्टिक." मग आणखी आत. "हा पत्रा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून नुसता हातोडीच्या टोकाचा आवाज येत होता, कधी भरीव, कधी डब्यावर मारल्यासारखा पोकळ. शेवटी फक्त डोकं बाहेर आलं, भुवईवर गंजाची पूड. "साहेब, पकड कुठे घेऊ? एक बाजूला सायलेन्सर, एक बाजूला स्टेपनीची परात. मधी जे आहे त्याला कागद म्हणा."

मी म्हणालो, "ओझं फक्त पन्नास किलो आहे. दोन सायकली बत्तीस, रॅक अठरा." नानांची सायकल मी हिशेबात धरली नव्हती, ती मिस्त्रींची हिंमत बघून सांगणार होतो.

ते उठले. कोपऱ्यातली एक सळई उचलून माझ्या हातात दिली आणि तिच्या टोकाला रंगाचा भरलेला डबा अडकवला. "छातीजवळ धरा." धरला. "आता हात लांब करा." हात लांब केला आणि डबा खाली जायला लागला, मनगट वळायला लागलं, मागे उभा असलेला त्यांचा पोऱ्या हसायला लागला. "डबा तोच आहे ना भो?" मिस्त्री म्हणाले.

मग जमिनीवर खडूने गाडी काढली. दोन चाकांत अंतर २.४ मीटर. मागच्या चाकापासून सायकलींच्या मध्यापर्यंत १.२ मीटर. मागे पन्नास किलो टांगले की मागच्या चाकांवर पडतात पंच्याहत्तर, कारण वरचे पंचवीस पुढच्या चाकांवरून उचलले जातात. आणि छोट्या गाडीला ओढतात पुढचीच चाकं, वळवतात पुढचीच, ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर. पालच्या घाटात, गाडीत घरची चार माणसं बसलेली असताना, स्टिअरिंग हलकं लागलं की आनंद मानायचा नाही. हे सगळं त्यांनी दोन रेघांत सांगितलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तरफ समजली. शाळेत तरफेच्या धड्याला गुरुजींनी डबा आणला नव्हता.

खड्ड्यात गाडी आपटली की हेच ओझं क्षणभर दुप्पट-तिप्पट होतं, असंही ते म्हणाले. आमच्या रस्त्यांवर तो क्षण फार वेळ टिकतो. शिवाय रॅक खाली लोंबणार. गतिरोधक चढताना नाही, उतरताना त्याचं टोक डांबराला घासणार. आमच्याकडचे गतिरोधक तर प्रत्येक गावाने आपापल्या रागाप्रमाणे बांधलेले. आणि पोराच्या सायकलचं मागचं चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर येत होतं. पाल येईपर्यंत टायर शिजलं असतं.

मग त्यांनी टेप काढला. सायकलची लांबी १.७५ मीटर. गाडीची रुंदी १.६ च्या आसपास. म्हणजे आडवी टांगलेली सायकल दोन्हीकडून गाडीच्या बाहेर. सावद्याच्या बाजारातून अशी गाडी काढायची तर पुढे एक माणूस "सरका, सरका" म्हणत चालवावा लागेल.

"बनवून देऊ का?" मिस्त्रींनी विचारलं. "देतो बनवून. पण माझं नाव सांगू नका."

हे ऐकल्यावर कोण बनवून घेईल?

घरी आलो तर पोराने मागची सीट पाडून ठेवली होती. त्याच्या सायकलचं पुढचं चाक एक खटका दाबला की निघतं. बायकोच्या सायकलला नट होते; पाना घेऊन मी ते सोडवले, हँडल वाकडं केलं, टोपली काढली, जुनी चादर अंथरली. दोन्ही सायकली एकमेकींच्या विरुद्ध तोंडं करून आत गेल्या. ताट नाही, पन्हळ नाही, कलम ५२ नाही. नंबरप्लेट लख्ख दिसत होती. सुटी काढलेली दोन चाकं उरली, ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली. नानांच्या काळ्या घोड्याला मात्र जागा नव्हती. पालला सायकल भाड्याने मिळते, असं मी त्यांना सांगितलं. मिळते की नाही हे मी कुणाला विचारलेलं नाही.

"झालं!" मी कमरेवर हात ठेवून म्हणालो.

बायकोने गाडीत वाकून पाहिलं. "आणि आम्ही कुठे बसायचं?"

कुणीच बोललं नाही. मग तीच हिशेब करायला लागली. नाना पंच्याहत्तरच्या पुढचे. २०२२ पासून त्यांना एसटी फुकट. तिला २०२३ पासून अर्धं तिकीट. पोराचं तेवढं पूर्ण. "आम्ही तिघं रावेरपर्यंत एसटीने जातो, तिथून पालची गाडी बघतो. तुम्ही या सायकली घेऊन."

"माले फुकट शे," नाना म्हणाले आणि टोपी घालायला आत गेले. रॅकच्या साऱ्या प्रकरणात त्यांनी दाखवलेला हा पहिला उत्साह.

त्यांना स्टँडवर रिक्षाने पाठवून मी गाडी काढली. चौकाच्या आत गाडी किंचाळायला लागली. शेजारच्या सीटवर वजन आहे आणि पट्टा नाही, म्हणून. गाडी बाजूला घेतली, दोन्ही चाकांच्या आऱ्यांमधून पट्टा ओवून लावला, तेव्हा ती गप्प बसली. सिग्नलला थांबलो तर पोलीसदादा काचेतून आधी चाकांकडे, मग पट्ट्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक कायद्यात कुठे बसतं ते आठवत असावेत. हिरवा दिवा लागला.

भुसावळ मागे टाकलं, सावदा अजून लांब होतं, आणि नानांचा फोन आला.

"आम्ही रावेरले पोची गऊत, चहा बी झाया. तू कथा शे?"